फुगवलेल्या आकाशात आग्या माश्या

शनीची कडी घुमटावर आणली आणि अंधारात बसलेल्या मुलांच्या तोंडून एकदम "अबब" निघालं. तेवढ्यात बाहेरून कुणीतरी कापडावर जोरजोरात थापा मारायला लागलं.

"मॅडम! चेन उघडू नका! माश्या उठल्या!"

आवाज सचिनचा होता. सचिन भोयर माझा सहकारी. डोम उभारणं, उतरवणं, गाडी चालवणं, बिघडलेलं दुरुस्त करणं, सगळं तो पाहतो. एरवी तो शांत माणूस आहे. त्याचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

आधी डोम म्हणजे काय ते सांगते. आमची वर्ध्याची संस्था लहान आहे. गावोगावी विज्ञान जत्रा भरवणं हे आमचं काम. जत्रेत प्रयोगांची टेबलं असतात, दुर्बीण असते, आणि सगळ्यात मोठी गर्दी खेचतं ते फिरतं तारांगण. जाड काळ्या कापडाचा तो एक मोठा फुगा असतो. त्याला आत खांब नाही की बांबू नाही. बाहेर ठेवलेला ब्लोअर, म्हणजे मोठा पंखा, कापडी नळीतून सतत हवा आत ढकलतो आणि त्या हवेवर घुमट उभा राहतो. आत शिरायला बोगद्यासारखा कापडी रस्ता, त्याला दोन्ही टोकांना चेनचे पडदे. आत मधोमध प्रोजेक्टर. मुलं सतरंजीवर बसतात, माना वर करतात आणि भर दुपारी त्यांना रात्रीचं आकाश दिसतं.

तळेगाववरून आष्टीकडे जाताना आत वळलं की हे गाव लागतं. नाव सांगत नाही, कारण त्यांचा काही दोष नव्हता. दिवस फेब्रुवारीचे, विज्ञान दिनाच्या आसपासचे. संत्र्याच्या बागांना बहार आलेला. शाळेचं मैदान मोठं, आणि त्याच्या एका कोपऱ्यात पाण्याची उंच टाकी. टाकीच्या पोटाला आग्या मोहोळ लटकलेलं होतं. साधी मधमाशी पोकळीत घर करते. आग्या माशी आकाराने मोठी, उघड्यावर राहते आणि एकदा चिडली की झुंडीने येते.

हे मोहोळ आम्ही जागा पाहायला गेलो तेव्हाच पाहिलं होतं. मुख्याध्यापक ढोले सर म्हणाले होते, "दरसाल बसते जी ते. आपण तिच्या वाटेले नाई गेलो तर ते काई करत नाई." तरी मी टाकीभोवती मोठी जागा दोरीनं बंद केली. धुराचे प्रयोग रद्द केले. डीजे तर आणूच दिला नाही. डोम मैदानाच्या दुसऱ्या टोकाला लावला.

ड्रोन मात्र आमच्या यादीतच नव्हता. तो त्या दिवशी सकाळी आमच्या संचालकांबरोबर गाडीतून उतरला.

काळे सर आमचे संचालक. मनाने चांगले, पण अहवालाचे शौकीन. त्यांनी एक फोटोग्राफर सोबत आणला होता.

"राऊत मॅडम, यंदा वरून शॉट पाहिजे. गर्दी दिसली पाहिजे."

"सर, टाकीच्या बाजूला उडवू नका. तिथं मोहोळ आहे."

"अहो, तो कशाला हात लावणार आहे? हवेतच तर असतो."

मी फोटोग्राफरलाही सांगितलं. तो "हो मॅडम" म्हणाला. मग माझ्या शोची वेळ झाली आणि मी आत गेले. पुढचं मला नंतर कळलं. डोम, गर्दी आणि टाकी एका चौकटीत यावी म्हणून त्याने ड्रोन टाकीच्या मागून फिरवला. त्याच्या पंख्यांची घरघर माश्यांना दुसऱ्या कुठल्या माशीसारखी वाटली असेल, किंवा वारा लागला असेल. मोहोळ फुटलं. आधी माश्या ड्रोनवर गेल्या. मग खाली.

मी आत. माझ्यासमोर सहावीची चाळीसेक मुलं. बाहेर किंचाळ्या.

"सचिन, बाकीची मुलं कुठं आहेत?"

"मोठे पोट्टे वर्गात पळाले. ढोले सरांनं दारं लावून घेतले. पन लहाने इकडं आहेत मॅडम! डोमच्या लाइनीत होते. वर्ग लांब पडते!"

लहाने म्हणजे पहिली-दुसरीची मुलं. पुढचा शो त्यांचा होता. इंगोले मॅडम त्यांना रांगेत घेऊन उभ्या होत्या. वर्गापर्यंत पळायचं तर अख्खं मैदान ओलांडावं लागलं असतं, तेही माश्यांमधून.

विचार करायला फार वेळ नव्हता, तरी विचार आलाच. चेन उघडली तर माश्या आत येणार. आत अंधार, बंद जागा, आणि घाबरलेली मुलं. एक जण उठून पळाला तर बाकीचे त्याच्यामागे पळणार, एकमेकांवर पडणार. शिवाय पडदा जास्त वेळ उघडा राहिला तर हवा निघून जाऊन घुमट खाली बसतो. आणि नाही उघडली तर सहा-सात वर्षांची लेकरं बाहेर.

"आण त्यांना," मी म्हटलं. "एकेक करून बोगद्यात घे. बाहेरचा पडदा लावल्याशिवाय मी आतला उघडणार नाही."

मग मी सहावीच्या मुलांकडे वळले. त्यांच्याशी खोटं बोलायचं नाही हे मी ठरवलं.

"बाहेर आग्या माश्या उठल्या आहेत. लहान मुलं आत येणार आहेत. सगळ्यांनी भिंतीकडून मधे सरका. मांडी घालून बसा. माशी अंगावर बसली तरी तिला मारायचं नाही. मारलेल्या माशीतून वास निघतो, तो वास आला की बाकीच्या माश्या तिथंच येतात. कळलं?"

"हाव मॅडम," अंधारातून आवाज आला. एकाचाच. पण सगळे सरकले.

बोगद्यातून मुलं यायला लागली. काही रडत होती, काही गप्प होती. गप्प असलेल्यांची मला जास्त काळजी वाटली. इंगोले मॅडम सगळ्यांत शेवटी आल्या. त्यांच्या पदरात एक मुलगा गुंडाळलेला होता आणि त्यांचा एक डोळा सुजून बंद झाला होता. सचिन बोगद्यातच थांबला, दोन्ही हातांनी चेन धरून.

"सचिन, तूही आत ये."

"चेन खालून उघडून राह्यली मॅडम. धरून ठेवतो."

माश्या आत आल्याच होत्या. मुलांच्या केसांत, दप्तरांवर, इंगोले मॅडमच्या साडीवर बसून. अंधारात त्यांचा आवाज यायला लागला. एक मुलगी ओरडली, मग दुसरी. शनी अजून घुमटावर होता आणि त्याच्या उजेडात माझ्या डोळ्यांसमोरून एक माशी गेली. ती सरळ शनीकडे गेली आणि कड्यावर जाऊन बसली.

तेव्हा मला सुचलं. माशी अंधारात उजेडाकडे जाते. घरात शिरलेली माशी खिडकीच्या काचेला धडकते ती याच कारणाने. माझ्याकडे काळाकुट्ट घुमट होता आणि हवा तिथं हवा तेवढा उजेड पाडणारं यंत्र होतं.

मी लॅपटॉपवर तारे बंद केले, शनी बंद केला आणि सूर्य काढला. तो मोठा केला, पांढराफेक केला आणि घुमटाच्या अगदी वरच्या भागात, मुलांपासून जितका लांब जाईल तितका लांब नेऊन ठेवला. बाकी सगळीकडे पूर्ण अंधार.

"वर पाहा," मी म्हटलं. "कोणी हलायचं नाही. फक्त सूर्याकडे पाहा."

सुरुवातीला काही झालं नाही. मग एक काळा ठिपका सूर्यावर दिसला. मग तीन-चार. मग एकामागून एक माश्या मुलांच्या अंगावरून उठल्या आणि त्या गोल उजेडावर जाऊन चिकटल्या. थोड्या वेळात सूर्याला डागच डाग पडले. रडणं कमी होत गेलं. कुणीतरी हळूच म्हणालं, "पाह्य ना, सूर्यावर माश्या."

मी तेव्हा पहिल्यांदा श्वास सोडला. फार लवकर सोडला.

कारण ब्लोअरचा आवाज थांबला.

ज्यांनी असा डोम चालवला आहे त्यांनाच कळेल, त्या आवाजाची आपल्याला इतकी सवय होते की तो थांबला की कानात दडे बसतात. प्रोजेक्टर आणि लॅपटॉप छोट्या यूपीएसवर असल्यामुळे सूर्य तसाच होता. ब्लोअर मात्र थेट शाळेच्या लाइनवर. हवा येणं बंद झालं म्हणजे घुमट हळूहळू खाली येणार. एरवी यात धोका नसतो. कापड हलकं असतं, मुलांना गंमत वाटते, आपण त्यांना बाहेर काढतो. पण त्या दिवशी बाहेर काढायची सोय नव्हती. आणि खाली येणाऱ्या कापडावर माश्या बसलेल्या होत्या. सूर्य खाली सरकायला लागला होता.

मी ढोले सरांना फोन लावला.

"सर, लाइट गेली का?"

"नाई मॅडम. मी पळत जाऊन मेन स्विच बंद करून आलो. तो तुमचा पंखा घरघर करून राह्यला होता ना, त्याच्यानंच माश्या चवताळून राह्यल्या असतीन म्हनलं."

"सर, त्या पंख्यावरच हा तंबू उभा आहे. तो खाली येतोय. आत लेकरं आहेत."

"सहावी ना?"

"सहावी, आणि तुमची पहिली-दुसरी सगळी."

त्यांना वाटलं होतं, लहान मुलांना इंगोले मॅडम घेऊन दुसऱ्या बाजूच्या वर्गात गेल्या असतील.

"मेन स्विच कुठं आहे सर?"

"बाहेर. वऱ्हांड्यात, पार टोकाले." मग म्हणाले, "जातो मी." फोन चालूच राहिला. दार उघडल्याचा आवाज आला, मागून कुणीतरी "सर, नका जाऊ" म्हणालं, आणि मग नुसती धावल्याची धपधप.

इकडे कापड आता माझ्या डोक्यापासून फार वर नव्हतं. मी मुलांना प्रोजेक्टरच्या अलीकडे, माझ्या बाजूला सरकायला सांगितलं. एकमेकांच्या मांडीवर बसली ती. मग सूर्य पलीकडच्या कडेला नेला, अगदी हळू, कारण झटक्यात नेला असता तर माश्या उडाल्या असत्या. काही माश्या उजेडाबरोबर सरकल्या. काही नाही. सहावीच्या मोठ्या मुलांनी न सांगता लहानग्यांची डोकी आपल्या छातीशी दाबून धरली. हे मी कधी विसरणार नाही.

फोनमधून ढोले सर ओरडल्याचं ऐकू आलं. नंतर खट्ट असा आवाज. आणि ब्लोअर सुरू झाला.

कापड एकदा थरथरलं, मग फुगत फुगत वर गेलं. सूर्य पुन्हा उंच गेला. कुणी टाळी वाजवली, तशी इंगोले मॅडम म्हणाल्या, "टाळ्या नका वाजवू रे बापू, माश्या उठतीन." आणि त्या स्वतःच हसल्या, सुजलेल्या डोळ्यानं. मग मुलंही हसायला लागली. मला रडू येत होतं, पण प्रोजेक्टरचा उजेड माझ्या तोंडावर नव्हता, हे बरं होतं.

माश्या बऱ्याच वेळानं शांत झाल्या. आग्या माशी चिडते तशी परततेही, तिला सतत काही कारण मिळालं नाही तर. सचिन बोगद्यातून बाहेर डोकावून सांगायचा, "अजून आहेत," "अजून थोड्या," आणि शेवटी, "गेल्या मॅडम." मी सूर्य विझवला, दोन्ही पडदे उघडून ठेवले आणि आतल्या माश्या दाराच्या उजेडाकडे निघून गेल्या. मग मुलं निघाली. एकेक करून, ओळीनं.

बाहेर इंगोले मॅडम मुलं मोजत होत्या. मोजून झाली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"परी नाई."

परी पहिलीतली. रांगेत होती, डोममध्ये आलीच नव्हती. मैदानात टेबलं उलटी पडलेली, चपला विखुरलेल्या. आम्ही हाका मारत सुटलो. वर्गात नाही, गाडीत नाही, स्टेजच्या मागे नाही. प्रवेशद्वाराशी लावलेला जत्रेचा मोठा फ्लेक्स खाली पडला होता. त्यावर काळे सरांचे आणि पाहुण्यांचे फोटो होते. तो फ्लेक्स हलला.

आतून एक बाई बाहेर आली. परीची आई, सविता. तळेगावच्या बाजारात भाजी विकते. मुलीची शाळेतली जत्रा पाहायला म्हणून त्या दिवशी दुकान न लावता आली होती. माश्या आल्या तशी तिनं मुलीला रांगेतून ओढलं, फ्लेक्स खेचून पाडला, पोरीला त्यात गुंडाळलं, स्वतः वरून पालथी पडली आणि उरलेला फ्लेक्स अंगावर ओढून घेतला. फ्लेक्स दोघींना पुरला नव्हता. तिच्या पाठीवर, मानेवर, हातांवर काटेच काटे होते.

"ताई, बसा. बसा खाली," मी म्हटलं.

"मले काई नाई झालं," ती म्हणाली. तिचे ओठ सुजलेले होते. "पोट्टीले एक नाई चावली. पाहा तुमी."

मी पाहिलं. खरंच नव्हती चावली. परीला फक्त तिचा क्लिपचा डबा कुठं पडला याची काळजी होती.

मग पुढची कामं. काटा चिमटीनं ओढायचा नाही, कारण काट्याच्या टोकाला विषाची पिशवी असते, ती दाबली जाते. एटीएम कार्डाच्या कडेनं खरवडून काढायचा, आणि लवकर काढायचा. सचिन आणि मी तेच करत बसलो. ॲम्ब्युलन्स आली. ढोले सर आणि सविता यांना दवाखान्यात नेलं. सविताला श्वास घ्यायला त्रास होऊ लागला होता, म्हणून डॉक्टरांनी तिला आधी घेतलं. तो एक तास मी बाकावर बसून काढला. परी माझ्या मांडीवर झोपली. शेवटी डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "आता धोका नाही. वेळेवर आणलं." मी त्यांना दोनदा विचारलं. दोनदा त्यांनी तेच सांगितलं.

काळे सर तिथंच आले. माश्या उठल्यापासून ते आणि फोटोग्राफर जीपच्या काचा लावून आत बसले होते. मी त्यांना त्याबद्दल दोष देत नाही. बाहेर येऊन त्यांनी काय केलं असतं? त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"राऊत मॅडम, उद्याचा दिवस रद्द करू. जाहीर करून टाका."

"सर, आधी ढोले सरांना भेटू."

ढोले सर खाटेवर होते. तोंड इतकं सुजलं होतं की ओळख पटेना. गावातले दोघं-चौघं भोवती उभे होते. एक जण म्हणत होता, "अंधार पडला का टेंभा लावून जाळून टाकू पुरं मोहोळ."

"जाळू नका," ढोले सर म्हणाले. बोलताना त्यांना कष्ट होत होते. "बागांले बहार आहे. माश्या गेल्या तर संत्रं कसं लागन? तुह्या बागेतच काम करून राह्यल्या त्या."

त्या माणसानं मग टेंभ्याचं नाव काढलं नाही. त्याचीही बाग होती.

मग ढोले सर काळे सरांकडे वळले. "आन उद्याचं बंद नका करू सर. गावाच्या पल्याड समाजमंदिर आहे, तिथं भरवा. बंद केलं तर लेकरं एवढंच ध्यानात ठेवतीन का इज्ञान आलं आन माश्या चावल्या."

काळे सरांनी माझ्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "ड्रोन परत पाठवतो."

दुसऱ्या दिवशी समाजमंदिरात जत्रा भरली. कमी येतील असं मला वाटलं होतं. आदल्या दिवशीपेक्षा जास्त आले. आजूबाजूच्या गावांतून लोक आले, कारण बातमी आमच्या आधी पोचली होती. तारांगणासमोर मुलांची एकच मागणी. "मॅडम, तो माश्यावाला सूर्य दाखवा." मी सूर्य दाखवला. माश्या नाहीत म्हणून थोडी नाराजी झाली.

सगळ्यांत लांब रांग सचिनच्या टेबलापुढे होती. त्यानं आपल्याच दंडातून काढलेले काटे काचपट्टीवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली लावले होते. काट्याला मागे वळलेले बारीक दाते असतात, गळाच्या काट्यासारखे, म्हणून तो निघत नाही. मोठी माणसंसुद्धा वाकून पाहत होती आणि मग सचिनच्या दंडाकडे पाहत होती.

दुपारी ढोले सर आणि सविता दोघंही दवाखान्यातून सुटून सरळ तिथं आले. ढोले सरांनी एका डोळ्यानं सूक्ष्मदर्शकात पाहिलं, कारण उघडा एकच होता. सविता परीला घेऊन डोममध्ये बसली. शो संपल्यावर ती मला म्हणाली, "मॅडम, काल आत नाई येता आलं मले. चांगलं आहे जी आकाश तुमचं."

त्यानंतर आम्ही बऱ्याच गावांत जत्रा भरवल्या. काम तेच आहे, फक्त एक गोष्ट बदलली. उद्घाटनाच्या आधी, दीप लावण्याच्याही आधी, मी माईक घेते आणि काही झालं तर कोणी कुठल्या दारानं कुठे पळायचं ते सांगते. ब्लोअर कोणीही बंद करायचा नाही, हेही सांगते. त्यात थोडा वेळ जातो. स्टेजवरचे पाहुणे घड्याळ पाहतात आणि कधी कधी जरा नाराजही होतात. मुलं मात्र नीट ऐकतात.